गप्प बसलेली प्रत: शिक्का की छापा-काटा?

बहुतेक जनुकांच्या दोन प्रती आपल्या पेशीत असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. सहसा दोघीही कामाला लागलेल्या असतात. काही ठिकाणी मात्र एकच बोलते आणि दुसरी गप्प असते. प्रत गप्प करण्याचे दोन प्रकार हटकून एकमेकांत मिसळले जातात: जनुकीय इम्प्रिंटिंग आणि एक्स-निष्क्रियता. दोन्हींत डीएनएचा मजकूर तसाच राहतो, त्यावर मिथिल गटांसारख्या छोट्या रासायनिक खुणा चढतात, आणि पेशी दुभंगली की त्या खुणा पुढच्या पेशींत जातात. त्यामुळे गल्लत साहजिक आहे. ती टाळायला एकच प्रश्न पुरतो: कोणती प्रत गप्प बसेल, हे ठरवलं कुणी?

इम्प्रिंटिंगमध्ये ते गर्भ राहण्याआधीच ठरलेलं असतं. बीजांड किंवा शुक्राणू तयार होतानाच शिक्का बसतो. माणसात अशी जनुकं शंभरेकच आहेत, पण त्यांच्यावाचून चालत नाही. उंदरांच्या बीजांडात दोन्ही केंद्रकं आईकडचीच किंवा दोन्ही वडिलांकडचीच ठेवली, तर गर्भ पूर्ण वाढत नाही, हे १९८४ मध्ये दिसलं. जनुकांची संख्या बरोबर होती, शिक्के चुकीचे होते. शिक्का कायमचाही नसतो. पुरुषाला आईकडून मिळालेलं जनुक त्याच्या शुक्राणूत जाताना जुना शिक्का पुसला जातो आणि वडिलांचा बसतो.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण १५ व्या गुणसूत्रावर आहे. तिथला ठरावीक तुकडा वडिलांच्या प्रतीतून गळाला, तर प्राडर-विली सिंड्रोम होतो: बाळ लुळं असतं, नीट दूध ओढत नाही, आणि पुढे भूक शमतच नाही. तोच तुकडा आईच्या प्रतीतून गळाला, तर अँजेलमन सिंड्रोम: बोलणं जवळजवळ नाही, झटके, डगमगती चाल, आणि चेहऱ्यावर सतत हसू. बाळाला दोन्ही १५ वी गुणसूत्रं आईकडूनच आली तरीही प्राडर-विली होतो. इथे एक अक्षरही हरवलेलं नसतं!

अँजेलमनमागे यूबीई३ए हे जनुक आहे. त्याची वडिलांची प्रत गप्प असते ती फक्त चेतापेशींत, आणि तिच्यात दोष काहीच नसतो. म्हणून तिला जागं करणारी औषधं माणसांवर तपासली जात आहेत. तुटलेलं जनुक दुरुस्त करण्यापेक्षा मला ही कल्पना जास्त चतुर वाटते.

एक्स-निष्क्रियतेत निवाडा पेशीचा असतो, तोही छापा-काटा करून. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली. स्त्रीगर्भ अगदी कोवळा असताना प्रत्येक पेशी आपल्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक जवळजवळ पूर्ण बंद करते (काही जनुकं निसटतात), आणि तिची सारी संतती तोच निर्णय पाळते. मांजरीत नारिंगी रंगाचं जनुक एक्सवर असतं, म्हणून तिच्या अंगावरचे काळे-नारिंगी ठिपके म्हणजे याच निर्णयांचा नकाशा. २००१ मध्ये जन्मलेलं पहिलं क्लोन मांजर, सीसी, तिरंगी मांजरीपासून बनवलं होतं, पण त्याच्या अंगावर नारिंगी रंगच नव्हता. क्लोनसाठी घेतलेल्या पेशीत नारिंगी रंगाचा एक्स आधीच बंद होता.

प्रत्येक स्त्री अशीच दोन तऱ्हांच्या पेशींची गोधडी असते. हिमोफिलियाची (रक्त नीट न गोठण्याचा, एक्सवरच्या जनुकाचा आजार) वाहक स्त्री बहुधा ठीक असते, कारण बऱ्याच पेशींत निरोगी एक्स चालू असतो. नशिबाने तो जास्त पेशींत बंद पडला, तर तिलाही रक्तस्रावाचा त्रास होतो. एकसारख्या जुळ्या बहिणींतसुद्धा एकीला लक्षणं, दुसरीला नाहीत, असं घडू शकतं. इम्प्रिंटिंगच्या आजारात असं ‘थोडं इकडे, थोडं तिकडे’ सहसा नसतं.

तपासणीतही फरक पडतो. प्राडर-विलीसाठी रक्तातल्या डीएनएवरचं मिथिलेशन, म्हणजे मिथिल खुणा, पाहिलं तरी निदान जवळजवळ नेहमी होतं, कारण तो शिक्का सगळीकडे सारखा असतो. कोणता एक्स जास्त पेशींत बंद आहे, हा कल मात्र रक्तात एक आणि मेंदूत किंवा स्नायूत दुसराच असू शकतो. रक्ताचा अहवाल पाहून रेट सिंड्रोम (एक्सवरच्या जनुकामुळे बहुधा मुलींना होणारा मेंदूचा आजार) किती तीव्र असेल याचा अंदाज बांधणं म्हणूनच फसवं ठरतं.

आणि ही सीमारेषाही सगळ्या प्राण्यांना मान्य नाही. कांगारूच्या मादीत बंद होतो तो नेहमी वडिलांकडचाच एक्स. उंदराच्या वारेतही तसंच. छापा-काटा नाहीच, एक्सवर सरळ शिक्का.