पाचशे डॉलरच्या आत पेलेट ग्रिल : घेण्याआधी एवढं वाचा

डॅलस परिसरातल्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी

दुकानात आलेलं मराठी कुटुंब बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच विचारतं : "याच्यावर वांग्याचं भरीत होईल का?" होतं, आणि छान होतं. पण गॅसच्या ज्योतीवर दहा मिनिटांत साल काळी होते तसं नाही. पेलेट ग्रिलवर, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या कांड्या जाळणाऱ्या ग्रिलवर, वांगं आधी मंद धुरात अर्धा तास ठेवायचं, मग आच ४५० अंशांवर नेऊन आणखी अर्धा तास. साल कोळसा होत नाही, पण धुराचा वास गरापर्यंत पोचतो. (या पत्रकातले सगळे अंश फॅरेनहाइट आहेत, ग्रिलवर तेच दिसतात.)

हा प्रश्न आम्हाला आवडतो, कारण निवडीची सुरुवात इथूनच व्हायला हवी. टेक्ससमध्ये ग्रिलबद्दल जे लिहिलं आणि दाखवलं जातं ते बरंचसं ब्रिस्केटभोवती फिरतं. म्हणजे बीफचा पाचसहा किलोचा तुकडा २२५ अंशांवर बारा-चौदा तास. आपल्यातल्या अनेक घरांत बीफ शिजतच नाही. तरी सल्ला तोच ऐकला जातो, आणि मग रात्रभर पुरेल असा मोठा हॉपर (जळणाची पेटी), हजार चौरस इंचांची जाळी आणि पहाटे तीन वाजता फोनवर तापमान दाखवणारं वायफाय यांवर दीड-दोनशे डॉलर जास्त जातात. आपला बेत साधारण असा असतो : संध्याकाळी पाचला पेटवायचं, पनीर, कणसं, तंगडी, एखादा मासा, आणि साडेआठला पानं वाढायची. पैसे या साडेतीन तासांसाठी खर्च करा.

आत काय चालतं

पिठाच्या गिरणीत वरून दळण ओततात तशी ग्रिलच्या बाजूला एक पेटी असते, तो हॉपर. त्यात लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या, साधारण पाव इंच जाडीच्या कांड्या भरायच्या. हे पेलेट. खाली एक मळसूत्री दांडा, ऑगर, फिरतो आणि कांड्या थोड्या थोड्या पुढे ढकलत छोट्या भांड्यात टाकतो. तिथे तापलेली सळई त्या पेटवते आणि पंखा हवा देतो. म्हणजे चूल लाकडाचीच, फक्त जळण घालणारा आणि फुंकणारा यंत्राचा. ही कल्पना ओरेगनमधल्या माउंट एंजेल गावच्या जो ट्रेगर यांची. त्यांना १९८६ मध्ये पेटंट मिळालं आणि ते संपल्यावर इतर कंपन्या या धंद्यात उतरल्या. आज पाचशेच्या आत निवडायला चार पर्याय आहेत ते त्यामुळे.

वीज लागतेच, हे लक्षात ठेवा. पेटताना काही मिनिटं दोन-तीनशे वॅट, नंतर पन्नासच्या आसपास. अंगणात प्लग नसेल तर बाहेर वापरायची जाड एक्स्टेन्शन वायर खर्चात धरा.

पैसे कशावर घालायचे

सगळ्यात आधी कंट्रोलरवर, म्हणजे आच सांभाळणाऱ्या यंत्रावर. स्वस्त ग्रिलमध्ये दोन जातींचे मिळतात. जुन्या पद्धतीचा कंट्रोलर ठरलेले सेकंद ऑगर फिरवतो, ठरलेले सेकंद थांबवतो. कुकरच्या शिट्ट्या मोजून गॅस बंद करावा तसं त्याचं काम. तापमान २५-३० अंश इकडेतिकडे होतं. दुसरा पीआयडी. तो दुधाच्या पातेल्याजवळ उभ्या असलेल्या माणसासारखा : वर येताना दिसलं की आच कमी, बसलं की थोडी जास्त. फरक पाच-दहा अंशांवर येतो. दह्यातल्या मसाल्याला हे फार मानवतं. आच अचानक चढली की दही फाटून पाणी सुटतं आणि मसाला जाळीला चिकटतो. पीआयडी स्वच्छ जाळतो म्हणून धूर थोडा कमी देतो, ही त्याची दुसरी बाजू. पण आल्या-लसणाच्या वाटणावर तेवढा धूर पुरतो, उलट जास्त झाला तर कडवट लागतं. पाचशेच्या आत पीआयडीवालं मिळतं, तेव्हा वायफाय सोडा आणि हे घ्या.

मग पत्रा. झाकण उचलून बघा. हाताला हलकं लागलं, बोटाने दाबल्यावर दबलं, बंद केल्यावर कडेने मोठी फट राहिली, तर उष्णता तिथूनच जाणार. जानेवारीत उत्तरेचा थंड वारा सुटला की असं ग्रिल ४०० अंशांवर चढतच नाही आणि पेलेट मात्र खात राहतं.

जाळी ४०० ते ५०० चौरस इंच असली की सहा जणांचं होतं. जाहिरातीतल्या आकड्यात वरची छोटी जाळीही धरलेली असते, खालच्या मोठ्या जाळीचं माप वेगळं विचारा.

किमतीत कर मिळवायला विसरू नका. डॅलसमध्ये ८.२५ टक्के, म्हणजे ४९९ डॉलरचं ग्रिल ५४० ला पडतं. पाचशे हीच शेवटची मर्यादा असेल तर पाटी ४६० च्या आतली बघा. घाई नसेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत थांबा, हंगाम संपताना जुन्या वर्षाच्या मालाची किंमत उतरते.

ज्यांना आम्ही पेलेट ग्रिल देत नाही

आमच्याकडे पेलेट ग्रिल विकायला आहेत, तरी हे सांगणं भाग आहे. तुमच्या घरात मुख्यतः पनीर टिक्का आणि लिंबू-मीठ लावलेली कणसं होणार असतील, आणि ती पावसाळ्यात रस्त्याकडेच्या शेगडीवर मिळतात तशी काळे डाग पडलेलीच हवी असतील, तर हे यंत्र तुमच्यासाठी नाही. पेलेटची आच आडून येते. जळणाच्या भांड्यावर लोखंडी पत्रा असतो आणि उष्ण हवा फिरून अन्न शिजवते, ओव्हनसारखी. बहुतेकांची मजल ५०० अंशांपर्यंत, हॉटेलच्या तंदूरची नऊशेच्या घरात. अशांनी साधारण निम्म्या पैशात २२ इंची गोल कोळशाचं ग्रिल न्यावं. निखाऱ्याची चव निखाऱ्यानेच येते.

मधला मार्ग आहे. काही ग्रिलमध्ये तो पत्रा सरकवून ज्योत उघडी करता येते. नसेल तर बिडाचा तवा जाळीवर ठेवून अर्धा तास ५०० वर तापू द्या आणि शिजलेलं पनीर शेवटी त्यावर दोन-दोन मिनिटं टेकवा.

पेलेटची खरी गंमत तंगडी, अख्खी कोंबडी, मटणाची रान आणि हिरवी चटणी भरून केळीच्या पानात बांधलेलं पापलेट यांत आहे. तंगडी ३५० वर पाऊण ते एक तास, हलवत बसावं लागत नाही. पण शिजलं की नाही ते रंगावरून ठरवू नका. हळद-तिखटाने बाहेरचा रंग फसवतो आणि धुरामुळे शिजलेलं मांसही आत गुलाबी राहू शकतं. पंधरा-वीस डॉलरचा टोचायचा थर्मामीटर घ्या. अमेरिकेच्या कृषी खात्याचं माप कोंबडीला १६५ अंश, माशाला १४५, मटणाच्या खिम्याला १६०.

एकाच ग्रिलवर शाकाहारी आणि मांसाहारी दोन्ही करणारी घरं पुष्कळ. जुनी सोय चांगली आहे : शाकाहारी आधी, घासलेल्या जाळीवर. एकत्र करायचंच तर शाकाहारी वरच्या जाळीवर, म्हणजे त्यावर रस गळत नाही. हवा मात्र आत सगळीकडे फिरते, त्यामुळे ज्यांना वाफही चालत नाही त्यांच्यासाठी एवढं पुरत नाही. अशा घरांनी शाकाहारी आधी करून काढूनच घ्यावं.

पेलेट

वीस पौंडांची पिशवी दहा ते वीस डॉलरला मिळते. मंद आचेवर तासाला साधारण पौंडभर, मोठ्या आचेवर दोन किंवा थोडे जास्त. साडेतीन तासांच्या बेताला पाच-सहा पौंड धरा, म्हणजे एका पिशवीत तीन-चार संध्याकाळी. पिशवीवर स्वयंपाकासाठी असं लिहिलेलं बघा. घर तापवायच्या स्टोव्हचे पेलेट स्वस्त दिसले तरी आणू नका, त्यात कोणतं लाकूड आणि काय मिसळलंय याची खात्री नसते.

लाकूड कुठलं? सुरुवात ओक किंवा पिकनने करा. सफरचंद, चेरी माशाला आणि पनीरला. मेस्कीट जपून. टेक्ससभर दिसणारं हे काटेरी झाड आपल्याकडच्या वेड्या बाभळीचं सख्खं भावंड आहे, आणि धूरही तसाच उग्र. एकदम पूर्ण पिशवी नको, ओकमध्ये चौथा हिस्सा मिसळून बघा.

ओल हा पेलेटचा शत्रू. पाणी लागलं की कांडी फुगते आणि पुन्हा भुसा होते. आमच्या स्वतःच्या ग्रिलचा हॉपर एकदा भरलेलाच राहिला आणि चार दिवस पाऊस लागला. ऑगरमध्ये भुसा सिमेंटसारखा बसला, दांडा खोलून टोकरून काढण्यात अख्खा रविवार गेला. तेव्हापासून काम झालं की हॉपर रिकामा आणि पेलेट घट्ट झाकणाच्या पाच गॅलनच्या बादलीत.

कुठे ठेवायचं, कसं जपायचं

गॅरेजमध्ये, दार उघडं ठेवूनही, पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. भिंत आणि लाकडी कुंपण यांपासून पुस्तिकेत दिलेलं अंतर सोडा. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर विकत घेण्याआधी लीज वाचा. पुष्कळ शहरांत लाकडी बाल्कनीवर किंवा जळाऊ बांधकामापासून दहा फुटांच्या आत उघड्या ज्योतीचं ग्रिल चालत नाही, आणि पेलेट ग्रिलही त्यातच धरलं जाऊ शकतं.

बंद करताना प्लग ओढू नका, बटणाने बंद करा. पंखा काही मिनिटं फिरत राहून भांड्यातलं उरलेलं जाळून टाकतो. तसं झालं नाही तर आच उलटी हॉपरकडे जाऊ शकते. तेल-तूप गळतं त्या पत्र्यावरचं फॉइल दरवेळी बदला, साठलेलं तेल पेट घेतं. राख तीनचार वापरांनंतर काढा, पूर्ण थंड झाल्यावरच.

जुनं ग्रिल घेणार असाल तर विकणाऱ्याकडून अर्धा तास चालवून घ्या. पेटवायची सळई गेलेली असेल तर घाबरू नका, ती स्वस्त आणि बदलायला सोपी असते. जळण्याचं भांडं गंजून भोक पडलं असेल किंवा स्क्रीनवरचा आकडा उड्या मारत असेल तर मात्र सोडून द्या.

नवं ग्रिल घरी नेल्यावर पहिल्या दिवशी काही शिजवू नका. ३५० वर पाऊण तास रिकामं चालवा, कारखान्याचं तेल जळून जाईल. पहिल्यांदा रिकाम्या ऑगरमधून कांड्या भांड्यापर्यंत पोचायला पाच-सात मिनिटं लागतात, त्यामुळे लगेच धूर दिसला नाही तरी थांबा. आमच्याकडे निवडायला येताना कागदावर दोन गोष्टी लिहून आणा : गेल्या महिन्यात घरी काय काय भाजलंत, आणि अंगणात प्लगपासून जागा किती फूट आहे.