डॉल्फिन पाहण्यासाठी अर्ध्या दिवसाची बोटसफर : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सफरीची तारीख ठरवताना बहुतेक कुटुंबे रविवार किंवा जोडून आलेली सुट्टी पाहतात. आपण त्याआधी तिथी पाहावी, अशी आमची विनंती आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशोब असा, की तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीचा तास मिळतो. द्वादशीला नऊच्या सुमारास आणि चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती असते व त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. नेमकी वेळ आम्ही भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पक्की करतो. दिवस निवडण्यापुरता मात्र हा हिशोब पुरेसा आहे.

आमची बोट सकाळी सात वाजता गेटवेच्या धक्क्यावरून सुटते आणि अकराच्या सुमारास परत येते. दोन्ही पक्षांतील एकादशी ते त्रयोदशी या दिवसांत सकाळी पाणी चढते असते आणि बोटीत चढणे-उतरणे सोपे जाते. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या दोन-तीन दिवसांत सकाळी उधाणाची ओहोटी असते व धक्क्याच्या खालच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात. त्यांवरून वयस्कर माणसांना उतरवणे आम्हाला योग्य वाटत नाही, म्हणून त्या दिवशी आम्ही सफर ठेवत नाही. सफरींचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी असा आहे. या महिन्यांत सकाळी खारे वारे सुरू होण्यापूर्वी समुद्र बराच शांत असतो. दुपारकडे वारा वाढून लाटांवर फेस दिसू लागला, की त्यात डॉल्फिनचा पर ओळखणे अनुभवी तांडेलालाही (बोट चालवणाऱ्या प्रमुखालाही) कठीण जाते.

कुलाब्याच्या टोकाला 1875 साली उभारलेले प्राँग्स दीपगृह आहे. तेथील खडकांपासून पुरेसे अंतर राखून वळसा घातल्यावर बोट बॅक बेसमोर येते आणि मलबार हिल उजव्या हाताला ठेवून वरळीच्या दिशेने सावकाश जाते. या भागात दिसणारा डॉल्फिन प्रामुख्याने हंपबॅक जातीचा असतो. तो खोल समुद्रात न राहता किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात आणि खाड्यांच्या मुखाशी मासे खातो. त्याचा रंग शिशासारखा करडा असतो व पाठीवरचा छोटा पर लांबट उंचवट्यावर बसलेला असतो. श्वास घ्यायला येताना प्रथम लांब चोच तिरकी पाण्याबाहेर येते, मग पाठीची कमान दिसते आणि बुडी खोल असेल तर शेवटी शेपटी वर उचलली जाते. हे सारे काही क्षणांत संपते, म्हणून कॅमेऱ्याऐवजी आधी डोळ्यांनी पाहावे. चित्रफितींत दिसणाऱ्या उंच उड्यांची अपेक्षा ठेवू नये. हा प्राणी बुजरा आहे आणि बोटीपुढे क्वचितच खेळतो. कधी पाठीवर पर नसलेला छोटा फिनलेस पॉर्पसही दिसून जातो. तो दिसणे हे खरोखर भाग्याचे.

हंपबॅक डॉल्फिनची ही जात जागतिक पातळीवर संकटग्रस्त मानली जाते आणि वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण तिला आहे. मादी साधारण तीन वर्षांनी एकाच पिलाला जन्म देते, त्यामुळे एक पिल्लू दगावले तरी ती हानी लवकर भरून निघत नाही. शिवाय हे प्राणी आवाजाच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधतात आणि इंजिनाचा गोंगाट त्यात अडथळा आणतो. म्हणून कळप दिसताच तांडेल वेग उतरवतो, कळपाच्या वाटेत आडवी बोट घालत नाही आणि पन्नास मीटरच्या आत जात नाही. सोबत पिल्लू असल्यास आम्ही थोड्याच वेळात तेथून निघतो. “अजून जवळ घ्या” असा आग्रह कृपया करू नये, त्यासाठी जादा पैसे देऊ करू नयेत आणि पाण्यात खाण्याचे पदार्थ टाकू नयेत.

लाईफ जॅकेट धक्क्यावरच घालावे लागते व परत येईपर्यंत काढता येत नाही. ज्यांना बोट लागते त्यांनी रिकाम्या पोटी येऊ नये. हलका नाश्ता करावा, बोटीच्या मधल्या भागात बसावे आणि नजर क्षितिजावर ठेवावी. औषध घ्यायचे असल्यास ते डॉक्टरांच्या सल्ल्याने निघण्यापूर्वी घ्यावे. टोपी, पाणी आणि पायात घट्ट बसणारी चप्पल एवढे सामान पुरते.

हवामानामुळे सफर रद्द झाल्यास पूर्ण रक्कम परत मिळते किंवा दुसरी तारीख घेता येते. निघायचे की नाही, हा निर्णय त्या दिवशी पहाटे तांडेल घेतो आणि तो आम्ही बदलत नाही. डॉल्फिन दिसले नाहीत तर मात्र पैसे परत केले जात नाहीत, कारण ते दाखवण्याची हमी दिली की त्यांचा पाठलाग करणे ओघाने आलेच, आणि ते आम्हाला करायचे नाही. ही अट मान्य असेल तरच नोंदणी करावी. नोंदणी करताना सर्वांची वये आणि कोणाला चालण्याचा त्रास असल्यास तेही कळवावे, म्हणजे त्यांच्यासाठी पायऱ्यांवर एक खलाशी उभा ठेवता येईल.