महिला शोधक

महिला शोधक : नवे यंत्र, पदार्थ किंवा प्रक्रिया घडवणाऱ्या स्त्रिया. त्यांच्या कामाचा माग काढण्यासाठी मुख्य आधार पेटंटच्या कागदांचा असतो, आणि नेमक्या त्याच कागदांतून अनेकींची नावे गळालेली आहेत.

इंग्लंड आणि अमेरिकेच्या जुन्या कायद्यात विवाहित स्त्रीची मालमत्ता पतीच्या ताब्यात जाई. सिबिला मास्टर्स यांच्या मक्याचे दाणे कांडण्याच्या यंत्राचे १७१५ चे इंग्लिश पेटंट त्यांचे पती टॉमस यांना मिळाले. शोध पत्नीचा असल्याची नोंद मात्र त्यात आहे. अमेरिकेत १८०९ मध्ये मेरी कीस यांना गवताच्या काड्या रेशमी धाग्यासह विणण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. त्याची मूळ कागदपत्रे पेटंट कार्यालयाच्या १८३६ च्या आगीत जळाली. मार्था कॉस्टन यांनी जहाजांसाठी रंगीत ज्योतींचे संकेत तयार केले. पतीच्या अर्धवट टिपणांवर त्यांनी जवळपास दहा वर्षे खर्ची घातली. पांढरा आणि लाल रंग साधले होते, पण दुरून ओळखू येईल असा तेजस्वी तिसरा रंग जमत नव्हता. निळ्याचा नाद सोडून त्यांनी हिरवा स्वीकारला. तरीही १८५९ च्या पेटंटवर शोधक म्हणून दिवंगत पतीचे नाव आहे. मार्था यांच्या स्वतःच्या नावावरचे पेटंट १८७१ चे.

त्याच वर्षी मार्गारेट नाइट यांना सपाट बुडाच्या कागदी पिशव्या करणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले, तेही भांडून. लोखंडी नमुना तयार होत असताना चार्ल्स अ‍ॅनन याने तो पाहिला आणि स्वतःच अर्ज केला. नाइट यांनी आराखडे, टिपणे, नमुने आणि साक्षीदार उभे केले आणि दावा जिंकला. प्रयोगवहीबाबत आजही दिला जाणारा सल्ला हाच आहे : बांधीव वही, पानांना क्रमांक, प्रत्येक नोंदीवर तारीख, आणि ती समजू शकेल पण शोधात सहभागी नसेल अशा व्यक्तीची सही. शोधक कोण, हे मूळ कल्पनेतील वाट्यावरून ठरते. सांगितल्याप्रमाणे केवळ चाचण्या घेणारी व्यक्ती शोधक ठरत नाही. घोळ होतो तो इथेच. प्रयोगशाळेत कल्पना सुचवणारीलाच ‘साहाय्यक’ म्हणून बाजूला सारणे सोपे असते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे अर्जाआधी शोध प्रदर्शनात मांडणे. काही देशांत त्यासाठी मुदतीची सवलत असते, पण युरोपात अशा प्रकटनाने पेटंटसाठी लागणारे नावीन्यच सहसा संपते.

पेटंट मिळाले म्हणजे वस्तू खपते असेही नाही. जोसेफिन कॉक्रन यांच्या भांडी धुण्याच्या यंत्रात (१८८६) ताटल्या-कपांच्या मापाचे तारेचे कप्पे तांब्याच्या पिंपातील चाकावर बसवलेले होते आणि भांडी ब्रशाने न घासता साबणाच्या गरम पाण्याच्या माऱ्याने स्वच्छ निघत. हॉटेलांनी ते घेतले. घरांत तेवढे गरम पाणीच नसे. मेरी अँडरसन यांच्या काच पुसणाऱ्या वायपरमध्ये (१९०३) चालक आतून दांडा फिरवी, बाहेर रबरी पट्टीचा हात हले आणि प्रतिभार ती पट्टी काचेला दाबून धरी. व्यापारी मूल्य नाही म्हणून एका कंपनीने ते नाकारले. पेटंटची १७ वर्षांची मुदत १९२० मध्ये संपली. मोटारी घरोघर पोचू लागल्या तेव्हा अँडरसन यांचा हक्क उरला नव्हता.

प्रयोगशाळेतील दोन उदाहरणे तपशिलात पाहण्यासारखी आहेत. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. कॅथरिन ब्लॉजेट यांनी १९३८ मध्ये काचेवर एकेका रेणूच्या जाडीचे ४४ थर चढवले. एकूण जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाएवढी झाली की थराच्या वरून आणि खालून परतणारे तरंग एकमेकांना रद्द करतात. उणीव अशी की हा लेप बोटानेही पुसला जाई. पुढे निर्वातात चढवलेल्या टणक लेपांनी त्याची जागा घेतली. स्टेफनी क्वोलेक यांना १९६५ च्या सुमारास मिळालेले पॉलिमरचे द्रावण नेहमीसारखे घट्ट आणि पारदर्शक नव्हते, पातळ आणि गढूळ होते. ज्या चकतीतून द्रावण दाबून धागा काढतात तिची बारीक छिद्रे बुजतील म्हणून सूत काढणारा तंत्रज्ञ आधी तयार होईना. गढूळपणाचे कारण मात्र कचरा नव्हता. काडीसारखे ताठ रेणू द्रवातच एका दिशेने रांगेत लागत होते, म्हणून धागा विलक्षण मजबूत निघाला. गोळीरोधक जाकिटांत वापरल्या जाणाऱ्या केव्हलार धाग्याचा पाया तो. वजनाच्या मानाने पोलादाच्या पाचपट मजबूत असलेला हा धागा उन्हातील अतिनील किरणांनी मात्र कमजोर होतो.

चित्रपट अभिनेत्री आणि शोधक हेडी लामार यांच्या जन्मदिनी, ९ नोव्हेंबरला, जर्मन भाषक देशांत शोधक दिन पाळतात. जागतिक बौद्धिक संपदा दिनाचा (२६ एप्रिल) विषय २०१८ आणि २०२३ मध्ये स्त्रियांना वाहिलेला होता. अशा प्रसंगी ‘लामार यांनी वायफाय शोधले’ असे सर्रास लिहिले जाते. ते चूक आहे. संगीतकार जॉर्ज अँथाइल यांच्यासह मिळालेले त्यांचे १९४२ चे पेटंट पाणतीराच्या रेडिओ नियंत्रणाचे होते. प्रेषक आणि ग्राहक दोन्हींत एकसारख्या छिद्रांच्या पट्ट्या एकाच गतीने फिरून ८८ पर्यंत वारंवारतांमध्ये उड्या मारतील, म्हणजे शत्रूला संदेशात अडथळा आणता येणार नाही. वारंवारता बदलण्याची कल्पना आधीही मांडली गेली होती. नवी होती ती जुळणी. ब्लूटूथमध्ये हे तत्त्व आहे. पेटंटवर त्यांचे नाव हेडी कीस्लर मार्की असे असल्याने पडद्यावरच्या नावाने शोधणाऱ्याला ते सापडत नाही.

अलीकडच्या वर्षांत आंतरराष्ट्रीय पेटंट अर्जांत नोंदलेल्या शोधकांपैकी साधारण १६ ते १८ टक्के स्त्रिया आहेत. ही मोजणी नावावरून लिंग ओळखून करतात. जुन्या कागदांवर केवळ आद्याक्षरे असतील तर ती करता येत नाही.