पी.टी.च्या तासाला जे मोजतात ते आलं कुठून?

शाळा-कॉलेजात पी.टी.च्या तासाला जे होतं ते एका बैठकीत कुणी ठरवलेलं नाही. रांगेत उभं राहून हातापायांचे व्यायाम, मग धावणं, जोर, सिट-अप, शेवटी पाय लांब करून बोटं पुढे नेणं. यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या काळी, वेगळ्या गरजेतून आली आणि पुढे कुणी काढून टाकली नाही म्हणून तिथेच राहिली. चाचणीतला एखादा आकडा कमी आला तर तो नेमका कशाचा आकडा आहे हे कळायला हा इतिहास उपयोगी पडतो.

शाळेच्या वेळापत्रकात व्यायाम पद्धतशीरपणे बसवण्याचं श्रेय बहुतेक वेळा जर्मनीतल्या श्नेफेनथाल इथल्या शाळेतले शिक्षक गुट्स-मुथ्स यांना दिलं जातं. १७९३ साली त्यांनी तरुणांच्या व्यायामावर पुस्तक लिहिलं. धावणं, उड्या, चढणं, तोल सांभाळणं असा त्यांचा अभ्यासक्रम होता. १८११ मध्ये बर्लिनजवळ हासेनहाइडला फ्रीडरिश लुडविग यान या शिक्षकांनी उघड्यावर व्यायामाचं मैदान सुरू केलं. त्यांचा हेतू उघड राजकीय होता, नेपोलियनविरुद्ध लढणारी पिढी घडवायची. त्यामुळेच प्रशियात १८२० ते १८४२ या काळात या मैदानांवर बंदी आली.

शाळांमध्ये जास्त टिकली ती मात्र स्वीडिश पद्धत. पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोममध्ये व्यायाम-संस्था काढली आणि शरीररचनेच्या आधारे हालचालींची क्रमवार कवायत बसवली. साधन लागत नाही, एका शिक्षकाच्या हुकमावर साठ मुलं एकाच अंगणात हलतात. शाळांना आणखी काय हवं होतं? दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी भरतीला आलेल्यांपैकी बरेच तरुण शरीराने अपात्र ठरले, तेव्हा ब्रिटनने १९०३ मध्ये चौकशी समिती नेमली. १९०९ चा तिथला शालेय व्यायामाचा अभ्यासक्रम याच स्वीडिश धर्तीवर होता. या कवायतीने शरीराची ठेवण आणि शिस्त सुधारते, पण दम लागेल इतका वेळ नाडी वर राहत नाही. ही उणीव पुढे बरीच वर्षं कुणी मोजलीच नाही.

दुसऱ्या महायुद्धाने मोजमाप आणलं. १९४३ ची हार्वर्ड स्टेप टेस्ट अशी: सुमारे ५० सेंटिमीटर उंच पायरीवर मिनिटाला ३० वेळा, जास्तीत जास्त ५ मिनिटं चढ-उतार करायची. थांबल्यावर बसून १ ते १½, २ ते २½ आणि ३ ते ३½ या मिनिटांत नाडीचे ठोके मोजायचे. चाचणी जितके सेकंद चालली त्याला १०० ने गुणून तिन्ही मोजणींच्या बेरजेच्या दुपटीने भागायचं. पूर्ण ३०० सेकंद टिकलेल्याचे ठोके ७५, ६० आणि ५० आले तर गुण ८१, म्हणजे चांगले. ही चाचणी तरुण पुरुषांसाठी बेतलेली होती. तीच पायरी बुटक्या विद्यार्थ्यापुढे ठेवली की त्याचं हृदय चांगलं असूनही मांड्या आधी थकतात.

एकेक व्यायाम दहा-दहा वेळा करायचे तीन सेट याच काळातले. जखमी सैनिकांचे गुडघे सुधारताना अमेरिकी लष्करी डॉक्टर डीलॉर्म यांनी १९४५ मध्ये वाढत्या वजनाची पद्धत मांडली. आधी ते एकेका व्यायामाचे सात किंवा जास्त सेट करवून घेत. १९४८ मध्ये त्यांनी ते तीनवर आणले: जेमतेम दहा वेळा उचलता येईल ते वजन ठरवायचं, पहिला सेट त्याच्या निम्म्याने, दुसरा पाऊणपटीने, तिसरा पूर्ण वजनाने. म्हणजे पहिले दोन सेट तयारीचे होते. आज तिन्ही सेट एकाच वजनाने करून तिसऱ्यात कंबर वाकवणारे विद्यार्थी दिसतात, त्यांना या पायऱ्या कुणी सांगितलेल्या नसतात.

शालेय चाचण्यांना खरं वळण मिळालं ते पाठदुखीमुळे. न्यूयॉर्कचे डॉक्टर हान्स क्राउस आणि सोन्या वेबर यांनी पाठीच्या रुग्णांसाठी सहा सोप्या चाचण्या केल्या होत्या: पाय सरळ ठेवून एक सिट-अप, गुडघे वाकवून एक सिट-अप, पाठीवर झोपून पाय उचलून १० सेकंद, पालथं झोपून धड उचलून १० सेकंद, तसंच पाय उचलून १० सेकंद, आणि गुडघे न वाकवता खाली वाकून बोटं जमिनीला ३ सेकंद. सगळं एकेकदाच, किमान पात्रता, स्पर्धा नाही. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत अमेरिकेतली सुमारे ५८ टक्के मुलं निदान एका चाचणीत नापास झाली होती, तर इटली, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमधली ९ टक्क्यांहून कमी. शीतयुद्धाच्या दिवसांत हा आकडा थेट व्हाइट हाउसपर्यंत गेला आणि १९५६ मध्ये आयझेनहॉवर यांनी युवकांच्या तंदुरुस्तीसाठी परिषद स्थापन केली.

इथे एक गंमत झाली. अमेरिकी मुलं सर्वांत जास्त अडली होती ती जमिनीला बोटं लावण्यात, म्हणजे लवचिकतेत. पण १९५८ मध्ये शाळांसाठी जी नवी चाचणीमाला आली तिच्यात पुल-अप, सिट-अप, शटल धाव (दोन रेघांमध्ये ये-जा), उभ्याने लांब उडी, ५० यार्ड धाव, सॉफ्टबॉल फेक आणि ६०० यार्ड धाव होती. लवचिकता गायब. आरोग्याच्या प्रश्नाला खेळाडू निवडण्याच्या कसोटीने उत्तर दिलं गेलं. १९६६ पासून राष्ट्राध्यक्षांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला आणि त्यासाठी सातही प्रकारांत ८५ वा शततमक गाठावा लागे. शंभरातले साधारण पंधराच एका प्रकारात तिथे पोहोचणार, सातही प्रकारांत एकदम पोहोचणारे त्याहून कमी. उरलेल्यांना या मोजमापातून काय मिळालं? पुल-अपमध्ये तर शून्य आलेल्या मुलाची ताकद किती, हेही कळत नाही.

दम आणि हृदय यांकडे लक्ष वळवलं वैद्यकाने. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर बसणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, हे जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवलं. १९६८ मध्ये अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १२ मिनिटांच्या धावेचा निष्कर्ष मांडला: कापलेल्या मीटरांतून ५०४.९ वजा करून ४४.७३ ने भागलं की ऑक्सिजन वापरण्याच्या कमाल क्षमतेचा अंदाज येतो. २४०० मीटरला तो सुमारे ४२ येतो, एकक दर किलो वजनामागे मिनिटाला मिलिलिटर. अडचण वेग सांभाळण्याची. सराव नसलेला विद्यार्थी पहिले ४०० मीटर जोरात पळतो आणि सातव्या मिनिटाला चालू लागतो. तेव्हा आकडा क्षमतेचा नसून अंदाज चुकल्याचा असतो.

हीच अडचण मॉन्ट्रिआलच्या लेजे यांनी १९८० च्या दशकात २० मीटर शटल धावेने सोडवली. वेग बीप ठरवतो: सुरुवात ताशी ८.५ किलोमीटर, दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरची वाढ. पहिल्या टप्प्यात २० मीटरला साधारण साडेआठ सेकंद मिळतात. हे अंतर पावलांनी मोजू नये, टेपने मोजावं. रेघ १९ मीटरवर पडली तर प्रत्येक फेरी पाच टक्के सोपी होते आणि दोन वर्गांचे आकडे तुलनेलायक राहत नाहीत. रेघेवर पाय टेकवून जागीच वळायचं. गोल फेरा मारणारे दर वळणाला वेळ गमावतात.

सिट-अपचा प्रवास सर्वांत बोलका. कमरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा सोआस नावाचा स्नायू मांडी वर उचलतो. पाय सरळ ठेवून, कुणीतरी घोटे धरून सिट-अप काढले की पोटाऐवजी तोच जास्त ओढतो आणि ती ओढ कमरेच्या मणक्यांवर पडते. म्हणून गुडघे वाकवायला सांगितलं गेलं. पण घोटे धरणं आणि पूर्ण उठून बसणं चालूच राहिल्याने फायदा अर्धवट झाला. कूपर यांच्या संस्थेच्या १९८२ मध्ये सुरू झालेल्या फिटनेसग्रॅम या कार्यक्रमातल्या कर्ल-अपमध्ये पाय धरत नाहीत. तळवे जमिनीवर, हात बाजूला, खांदे उचलत बोटं पट्टीवरून सुमारे ११.५ सेंटिमीटर सरकवायची, दर ३ सेकंदांना एक, कमाल ७५. जोरांनाही तीच लय, कोपर ९० अंशांत येईपर्यंत. लय ठरलेली असल्याने धसमुसळेपणाने मोजणी वाढवता येत नाही.

फिटनेसग्रॅमने आणखी एक बदल केला. १९८७ पासून तिथे इतर मुलांशी तुलना न करता वय आणि लिंगानुसार आरोग्याला पुरेशी मर्यादा ठरवली. ती ओलांडली की झालं. वर्गात सगळेच ओलांडू शकतात.

नाडीचा हिशोब मात्र अजून चुकीच्या जागी वापरला जातो. २२० वजा वय हे सूत्र १९७१ च्या सुमारास मुख्यतः प्रौढांच्या आकड्यांवरून आलं. शाळकरी वयात कमाल नाडी साधारण १९५ ते २०५ असते आणि वयाबरोबर फारशी बदलत नाही, त्यामुळे दहा वर्षांच्या मुलाला २१० हे लक्ष्य देण्यात अर्थ नाही. कॉलेजच्या विद्यार्थ्यासाठी फिनलंडच्या कार्व्होनेन यांची १९५७ ची पद्धत बरी. वय २०, विश्रांतीची नाडी ७० असेल तर कमाल नाडी २०० (२२० वजा २०) मधून ७० वजा करून १३० उरतात. त्याचे ६० टक्के ७८. त्यात ७० मिळवले की १४८, ही व्यायाम करतानाची लक्ष्य नाडी. विश्रांतीची नाडी सकाळी उठल्यावर, अंथरुणातच मोजायची. जिने चढून आल्यावर मोजली तर सगळा हिशोब वर सरकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या शिफारशीत ५ ते १७ वयोगटासाठी रोज किमान ६० मिनिटं होती. २०२० मध्ये ती आठवडाभराच्या सरासरीने रोज ६० मिनिटं अशी झाली, त्यात आठवड्यातून किमान ३ दिवस दम लागेल असा आणि हाडं-स्नायू बळकट करणारा व्यायाम. प्रौढांसाठी सलग १० मिनिटांची जुनी अटही तेव्हाच गेली, त्यामुळे अठरा वर्षांवरच्या विद्यार्थ्याने दोन तासिकांच्या मध्ये चार मिनिटं भराभर चढलेले जिनेही आता त्याच्या आठवड्याच्या हिशोबात धरले जातात.