ठोके दिसले नाहीत, मग आठवडाभर थांबायचं कशाला?

"बाळाच्या हृदयाचे ठोके दिसत नाहीयेत. आठवड्याने पुन्हा सोनोग्राफी करू." गरोदरपणाच्या सुरुवातीला हे ऐकून घरी परतलेल्या बाईला एकेक दिवस जड जातो. काय ते आजच का सांगत नाहीत, असं वाटतं.

कारण सहाव्या आठवड्यातला निरोगी गर्भ आणि वाढ थांबलेला गर्भ पडद्यावर हुबेहूब सारखे दिसू शकतात. दिवस मोजायचे पाळीच्या तारखेवरून. पण बीज उशिरा सुटलं असेल तर गर्भ हिशेबापेक्षा लहान असतो. शिवाय मापं मिलिमीटरची, दोन डॉक्टरांच्या मोजणीतही थोडा फरक पडतोच. पूर्वी 5 मिलिमीटरच्या गर्भात ठोके नसले की गर्भपाताचं निदान होई. 2012 मध्ये अमेरिकेत तज्ज्ञांनी एकत्र बसून ही रेषा पुढे सरकवली. योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत गर्भ किमान 7 मिलिमीटर असूनही ठोके नाहीत, किंवा गर्भाभोवतीची पिशवी सरासरी 25 मिलिमीटरची होऊनही आत गर्भ नाही, तरच पहिल्या तपासणीत निदान पक्कं. त्याखाली सगळा संशय. वाढत्या, हव्याशा गर्भावर चुकून उपचार होऊ नयेत म्हणून हे थांबणं आहे. दोन तपासण्यांमधलं अंतर हाच तपासणीचा भाग आहे.

रक्तातल्या बीटा एचसीजीचंही, म्हणजे गरोदरपणात तयार होणाऱ्या संप्रेरकाचंही, तेच. एकट्या आकड्यावरून फार काही कळत नाही; 48 तासांनी पुन्हा रक्त द्यावं लागतं. आकडा दुप्पट व्हायलाच हवा, असंही नाही. पहिला आकडा 1500 च्या आत असेल तर साधारण 49 टक्के वाढही निरोगी गर्भात दिसते. वाढ त्याहून मंद असेल तर गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत रुजल्याची शक्यताही तपासतात. पोटात तीव्र दुखलं, चक्कर आली, रक्तस्राव वाढला, तर मात्र पुढच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

गर्भपात झाल्यावर "मी जिना चढले म्हणून का?" हा प्रश्न बायका स्वतःला विचारत राहतात. नाही. सुरुवातीच्या सुमारे निम्म्या गर्भपातांत गर्भाच्या गुणसूत्रांची संख्याच बिघडलेली असते, आणि ते बहुतेकदा गर्भ रुजण्याआधीच ठरलेलं असतं. पडलेल्या ऊतींची तपासणी करून हे कळू शकतं. पेशी वाढवून करायच्या चाचणीसाठी नमुना फॉर्मालिनमध्ये (नमुने टिकवायच्या रसायनात) टाकून चालत नाही, तिथे पेशी मरतात. म्हणून ही चाचणी हवी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं. अहवालात "सामान्य, स्त्री" असं आलं, तर त्या पेशी आईच्याच तर नाहीत ना, हेही जरूर विचारावं.