पार्टिकल प्रीसेटने खरी वाटणारी आतषबाजी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमचे प्रीसेट, म्हणजे ॲनिमेशनमध्ये पार्टिकलनी (बारीक कणांनी) आतषबाजी दाखवणाऱ्या तयार सेटिंग, वापरणाऱ्यांची नेहमीची तक्रार अशी: स्फोट फुगा फुगवल्यासारखा एकाच वेगाने पसरत राहतो, खरा वाटत नाही. मग ग्लो (चकाकी) वाढवला जातो, पार्टिकल दुप्पट केले जातात आणि रेंडरचा, म्हणजे अंतिम चित्र तयार होण्याचा, वेळ तेवढा वाढतो. आधी ड्रॅग, म्हणजे हवेचा रोध तपासा.

खऱ्या शेलमधले (आकाशात फुटणाऱ्या गोळ्यातले) स्टार, म्हणजे रंगाच्या जळत्या गोळ्या, प्रचंड वेगाने सुटतात आणि हवा त्यांना लगेच अडवते. सेकंदाभरात फूल जवळजवळ पूर्ण उमलतं, थबकतं आणि मग सावकाश खाली ओघळतं. सुरुवातीचा वेग सेकंदाला 80 मीटर आणि रोधाचा गुणांक 2 धरला, तर त्रिज्या 80 भागिले 2, म्हणजे 40 मीटरच्या पुढे जात नाही. त्यातले 25 मीटर पहिल्या अर्ध्या सेकंदातच पार होतात. सेकंद संपताना 35 मीटर झालेले असतात. ड्रॅग शून्य ठेवला, तर तेच स्टार दोन सेकंदांत 160 मीटर लांब पोचतात. ड्रॅगचं माप प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळं असतं, त्यामुळे हा 2 जसाच्या तसा टाकू नका. स्फोटानंतर अर्ध्या सेकंदाच्या फ्रेमवर थांबा. फूल अंतिम आकाराच्या साठेक टक्के झालेलं दिसलं, तर ड्रॅग बरोबर आहे.

स्टार ओघळण्याऐवजी दगडासारखे कोसळत असतील, तर दृश्याचं माप पाहा. 150 मीटरची उंची 1.5 युनिटमध्ये बसवली असेल, तर 9.8 ची ग्रॅव्हिटीही शंभराने भागायला हवी.

स्फोटाची मांडणी

एमिटर, म्हणजे पार्टिकल सोडणारा स्रोत, गोल ठेवा आणि पार्टिकल त्याच्या पृष्ठभागावरून सोडा, आतून नव्हे. सगळे एकाच फ्रेममध्ये सुटले पाहिजेत. पिओनीला, म्हणजे साध्या, शेपटी नसलेल्या गोल फुलाला, 120 ते 200 स्टार पुरतात. वेगात 5 ते 10 टक्के आणि आयुष्यात 10 ते 15 टक्के फरक ठेवा. फरक शून्य असेल, तर फूल कंपासने काढल्यासारखं कोरीव दिसतं. 50 टक्के केला, तर नुसता पुंजका होतो. एकच प्रीसेट दोनदा वापरताना रँडम सीड (यादृच्छिक फरक ठरवणारा आकडा) बदलायला विसरू नका, नाहीतर आकाशात शिक्के मारल्यासारखे दिसतात आणि प्रेक्षकाला ते चटकन कळतं.

क्रिसँथेमम या प्रकारच्या फुलाला ठिणग्यांच्या शेपट्या लागतात. 150 स्टार, प्रत्येकामागे सेकंदाला 60 ठिणग्या आणि ठिणगीचं आयुष्य 0.8 सेकंद, म्हणजे एका वेळी 7,200 ठिणग्या जिवंत. एवढ्यावर भागतं. विलोला, म्हणजे लांब ओघळत्या शेपट्यांच्या फुलाला, मात्र ठिणग्यांचं आयुष्य बरंच वाढवा आणि रंग कोळशाच्या ठिणगीसारखा मंद सोनेरी ठेवा. पांढरा झगझगाट तिथे शोभत नाही.

वर जाणाऱ्या बाणाची शेपटी ठिपक्याठिपक्यांची दिसते का? सेकंदाला 50 मीटर वेगाने जाणारा एमिटर 25 फ्रेमच्या दराने प्रत्येक फ्रेममध्ये 2 मीटर पुढे सरकतो, आणि त्या फ्रेमचे सगळे पार्टिकल एकाच जागी सुटतात. सबफ्रेम, म्हणजे एका फ्रेमच्या आतले गणनेचे टप्पे, वाढवा. पार्टिकल वाढवून फक्त ठिपके जाड होतात.

रंग आणि प्रकाश

ब्लेंडिंग ॲडिटिव्ह (एकावर एक आलेल्या रंगांचा उजेड बेरीज होणारं) आणि प्रोजेक्टची रंगखोली 32 बिट ठेवा. 8 बिटमध्ये स्टार एकमेकांवर आले की रंग कापला जातो आणि सगळं पांढरट, सपाट होतं. लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, निळा तांब्याचा. खरा निळा मिळवणं दारूकामात सर्वांत अवघड, आणि तो बाकीच्यांपेक्षा मंदच असतो. झगझगीत निळा म्हणूनच निऑनच्या पाटीसारखा खोटा वाटतो. आमच्या निळ्या प्रीसेटची तीव्रता मुद्दाम कमी ठेवली आहे. ती वाढवू नका.

स्फोट होताच जमिनीवर, भिंतींवर, पाण्यात त्याच रंगाचा उजेड पडून विझत गेला पाहिजे. तो नसेल, तर आतषबाजी चित्रावर चिकटवल्यासारखी दिसते. धूर अगदी पातळ ठेवा. आधीच्या स्फोटाचा धूर वाऱ्याबरोबर सरकत असावा आणि पुढच्या स्फोटाने क्षणभर उजळावा.

आवाज

आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. स्फोट कॅमेऱ्यापासून 300 मीटरवर असेल, तर 25 फ्रेमच्या दराने आवाज 22 फ्रेम मागे सरकवा.

इतकं करूनही अडलं, तर प्रोजेक्ट फाइलबरोबर फ्रेम रेट, एका युनिटचं मीटरमधलं माप आणि स्फोटानंतरच्या पहिल्या 25 फ्रेम पाठवा. नुसत्या शेवटच्या व्हिडिओवरून चूक ड्रॅगची की मापाची, हे सांगता येत नाही.