बुद्धिबळ इंजिनाची इंटरफेस-सुसंगती

बुद्धिबळ इंजिन म्हणजे खेळी शोधणारा प्रोग्रॅम. त्याला स्वतःचा पट नसतो. सोंगट्या दाखवणे, घड्याळ चालवणे, डाव साठवणे ही कामे अरेना, क्यूट चेस, एक्सबोर्ड किंवा फ्रिट्झसारखा इंटरफेस करतो. तो इंजिनाला वेगळा प्रोग्रॅम म्हणून सुरू करतो आणि स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून त्याच्याशी साध्या मजकुराच्या ओळींत बोलतो. या ओळींचे नियम म्हणजे प्रोटोकॉल.

प्रोटोकॉल मुख्यतः दोन. एक्सबोर्डचा प्रोटोकॉल जुना. तो ग्नू चेस या इंजिनासाठी केलेल्या इंटरफेसबरोबर वाढला. यूसीआय, म्हणजे युनिव्हर्सल चेस इंटरफेस, हा रुडॉल्फ हूबर आणि श्टेफान मायर-काहलेन यांनी नोव्हेंबर २००० मध्ये मांडला. डाव कोणी लक्षात ठेवायचा, हा दोहोंतला खरा फरक. यूसीआयमध्ये इंटरफेस दर वेळी सुरुवातीची स्थिती आणि सगळ्या खेळ्या पाठवतो. एक्सबोर्डमध्ये डाव इंजिनानेच सांभाळायचा, खेळी मागे घेण्यासह. म्हणून नव्या इंजिनाने आधी यूसीआय शिकावे. स्टॉकफिशसारखे यूसीआय इंजिन एक्सबोर्डला जोडायला पॉलिग्लॉट हा दुभाषी प्रोग्रॅम आहे. दोन्ही प्रोटोकॉल स्वतः लिहिणाऱ्याने वेळेचे एकक तपासावे: यूसीआय उरलेला वेळ मिलिसेकंदांत सांगतो, एक्सबोर्ड सेकंदाच्या शंभराव्या भागांत. गल्लत झाली की इंजिन दसपट घाई तरी करते, नाहीतर वेळेवर हरते.

यूसीआयमध्ये इंटरफेस ‘यूसीआय’ ही ओळ पाठवतो. इंजिनाने नाव, कर्ता आणि हॅश (शोधाच्या तक्त्याची मेमरी), थ्रेड्स (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) असे पर्याय सांगून ‘यूसीआयओके’ म्हणायचे. ‘इजरेडी’ला ‘रेडीओके’ हे उत्तर शोध चालू असतानाही द्यावे लागते. त्यासाठी इनपुट वाचणारा थ्रेड वेगळा हवा. तो नसेल तर ‘स्टॉप’ही ऐकू येत नाही. खेळी घरांच्या जोडीने लिहायची: पांढऱ्याचा राजाकडचा किल्लेकोट ई१जी१, पण मागच्या रांगेतल्या सोंगट्यांची मांडणी बदलणाऱ्या चेस९६० प्रकारात राजा स्वतःच्या हत्तीवर, म्हणजे ई१एच१. प्याद्याच्या बढतीत शेवटी नव्या सोंगटीचे लहान लिपीतले अक्षर लागते.

सर्वाधिक छळणारा दोष मात्र बफरचा, म्हणजे आउटपुट तात्पुरते साठवणाऱ्या जागेचा. टर्मिनलवर इंजिन झकास बोलते आणि इंटरफेसमध्ये मुके होते, कारण पाइपला, म्हणजे दोन प्रोग्रॅममधल्या वाटेला, जोडलेले आउटपुट बफर भरेपर्यंत बाहेर पडत नाही. प्रत्येक ओळीनंतर फ्लश करावे, म्हणजे बफर लगेच रिकामा करावा, किंवा बफरिंग बंद करावे. पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी पायथनमध्ये इंजिन लिहिणाऱ्यांना हा दोष हमखास भेटतो. तिथे इंटरप्रिटरला ‘-यू’ हा स्विच द्यावा आणि विंडोजवर ती आज्ञा बॅच फाइलमध्ये ठेवून इंटरफेसला तीच फाइल दाखवावी.

प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकावर दुसरीच अडचण येते. नव्या लॅपटॉपवर ‘नेटिव्ह’ पर्यायाने, म्हणजे त्याच संगणकाच्या प्रोसेसरसाठी, कंपाइल केलेली फाइल एव्हीएक्स२ या नव्या प्रोसेसरांतल्या सूचना मागते, प्रोसेसरला त्या ठाऊक नसतात आणि इंजिन सुरू होताच बंद पडते. सादरीकरणासाठी साध्या ६४-बिट लक्ष्याची वेगळी फाइल बांधावी. स्थितीचे मूल्यमापन करणाऱ्या न्यूरल नेटवर्कची फाइल आणि ओपनिंग बुक (सुरुवातीच्या खेळ्यांचा संग्रह) यांचे मार्ग इंजिनाच्या फोल्डरपासून धरावेत. इंटरफेसचे चालू फोल्डर भलतेच असू शकते.

तपासणीसाठी क्यूट चेसच्या कमांड-लाइन प्रोग्रॅमवर १० सेकंद अधिक प्रतिखेळी ०.१ सेकंद या वेळेत १०० डाव लावावेत. निकालापेक्षा बेकायदा खेळ्या, वेळेवरचे पराभव आणि तुटलेल्या जोडण्या मोजाव्यात. एकही आढळली तर त्या डावाचा संवाद-लॉग उघडून शेवटच्या काही ओळी वाचाव्यात.